हँडल

नरकचतुर्दशीची पहाट, अंगाला उटण्याचा आणि मोती साबणाचा वास, नव्या शर्टाची कॉलर अजून कडक, डाव्या अंगठ्याखाली फोडलेल्या कारिटाचा ओलावा पूर्ण पुसला न गेलेला, आणि खिशात आजीनं दिलेली दिवाळीची पोस्त, रुपयाची आठ-दहा नाणी, जी चालताना मांडीवर थंडगार आपटायची. माझी १९९२ सालची दिवाळी मला एवढ्यात सगळी आठवते. डोंबिवलीत त्या पहाटे तरुण पोरंपोरी नटूनथटून फडके रोडवर गणपती मंदिराकडे निघतात, आजही निघतात. आम्हीही निघायचो, देवाला हात जोडायचो, भेटेल त्याला शुभेच्छा द्यायचो, आणि मग गर्दीच्या कडेकडेनं, मोगऱ्याचे गजरे आणि फटाक्यांचा धूर मागे टाकत, मागच्या गल्लीतल्या त्या गाळ्याकडे सरकायचो, जिथे रेक्झिनच्या काळ्या पडद्याआड व्हिडिओ गेमचं पार्लर होतं.

पडदा बाजूला केला की आधी वास यायचा. तापलेल्या पिक्चर ट्यूबचा, त्यावर भाजल्या जाणाऱ्या धुळीचा, गल्ल्यावरच्या उदबत्तीचा, आणि दिवाळीच्या दिवसांत ह्या सगळ्यावर पसरलेला चकलीच्या तेलाचा, कारण फराळ खाऊन हात न धुता पळत आलेली पोरं तेच हात बटणांवर ठेवत. मग आवाज. पाच-सहा मशिनं एकदम ओरडत असायची, कुणी मरत असायचं, कुणी पैसे टाका म्हणून खुणावत असायचं, आणि त्या कल्लोळाच्या तळाशी एक बारीक, कोरडा, सततचा आवाज असायचा, कट् कट् कट्, आजी दुपारी ओट्यावर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरायची तसा. तो हँडलांचा आवाज होता.

आम्ही त्याला जॉयस्टिक कधी म्हटलं नाही. ते हँडल. लोखंडी दांडी, वर लाल गोळा, गोळ्याचा रंग जिथे अंगठा टेकतो तिथे उडालेला. आधीचा मुलगा हरून बाजूला झाला की त्याच्या तळहाताची ऊब गोळ्यावर राहायची. ती ऊब आपल्या मुठीत घेतली की आपली पाळी खऱ्या अर्थानं सुरू व्हायची, टोकन आत पडल्याचा आवाज त्यानंतरचा.

कॅपकॉमचा ‘स्ट्रीट फायटर टू’ १९९१ साली आला आणि वर्षभरात आमच्या गाळ्यात पोचला. त्याला सहा बटणं होती, तीन ठोशांची, तीन लाथांची, हलकी, मधली, जोराची. एवढी बटणं आम्ही कुठल्याच मशिनवर पाहिली नव्हती. रियू, केन, चुन-ली, गाइल, आणि आपला धालसिम, गळ्यात कवट्या, हातपाय रबरासारखे लांबणारे, मागे हत्ती उभे. तो ‘योगा फायर’ म्हणाला की सगळा गाळा त्याच्यासोबत ओरडायचा, पण त्याला घेऊन खेळायला मात्र फारसं कुणी धजावत नसे, कारण तो संथ होता आणि रुपया महाग होता. मी रियू घ्यायचो. हँडल खाली, तिथून तिरकं, तिथून पुढे, आणि हात पुढे पोचतो न पोचतो तोच ठोशाचं बटण. ही गोल वळणाची पाव चक्कर नीट पडली की निळा गोळा सुटायचा. पडली नाही की रियू नुसता वाकून हवेत ठोसा मारायचा आणि मागे उभ्या पोरांतून निःश्वास यायचा. ती पाव चक्कर मी कुठेकुठे गिरवली नाही? शाळेत बाकाच्या कडेवर पेन्सिलीनं, जेवताना ताटातल्या आमटीत बोटानं, झोपताना गोधडीच्या टोकावर. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात फोड आला तेव्हा आईला मी सायकलच्या ब्रेकचं कारण सांगितलं.

सोमवारी सकाळी पार्लर बंद असायचं आणि मेस्त्री यायचे. सुट्टीत एकदा गाळेवाल्या काकांनी मला बॅटरी धरायला आत घेतलं. त्यानंतर मी प्रत्येक सुट्टीत, न बोलावता, सोमवारी हजर राहू लागलो. मेस्त्रींनी हँडलांचा पत्रा उचलला आणि मला त्या आवाजाचं घर दिसलं. दांडी पत्र्याखाली बोटभर उतरलेली, तिच्याभोवती एक स्प्रिंग, आणि चार बाजूंना चार इवलेसे स्विच. “हे बघ बाळ,” मेस्त्री म्हणाले, “वर उजवीकडे ढकलतोस ना, तेव्हा खाली ते डावीकडे जातं. डावीकडचा स्विच दबतो, तेव्हा तुझा माणूस उजवीकडे चालतो.” स्विचच्या पोटातली पत्री उलटी पडते, तिचा तो कट् आवाज. तिरकं जायचं तर शेजारशेजारचे दोन स्विच एकदम दाबले गेले पाहिजेत, म्हणून खाली चौकोनी भोकाची पट्टी असते, दांडी कोपऱ्यात जाऊन बसली की दोन्ही दबतात. आमच्या मशिनच्या चौकोनाचे कोपरे मात्र पोरांनी आपटून आपटून झिजवले होते, चौकोन जवळजवळ गोल झाला होता. मेस्त्रींनी ढिली स्प्रिंग काढून तिच्या जागी कुठूनशी आणलेली जाड स्प्रिंग बसवली, काडेपेटीच्या काडीनं ग्रीस लावलं, पत्रा पुन्हा बसवला आणि मला म्हणाले, “फिरव.” बंद पडद्यासमोर, विजेशिवाय, मी तो रियूचा गोळा सोडला. हँडल घट्ट झालं होतं, मनगटाला विरोध करत होतं, आणि सोडल्यावर मधोमध येऊन ठाम उभं राहत होतं. माझा हात ‘हँडल’ हा शब्द त्या दिवशी शिकला, आणि त्याचा अर्थ पुढे बदललाच नाही.

कॉलेजात गेलो तेव्हा गाळ्यात निओ जिओचं मशिन आलं आणि त्यात एसएनकेचा ‘किंग ऑफ फायटर्स ९७’. सहाऐवजी चार बटणं, एकाऐवजी तिघातिघांची फळी. लाल केसांची झुलपं डोळ्यावर ओढलेला इओरी आम्हा सगळ्यांचा लाडका, गल्लीतल्या निम्म्या पोरांनी केस तसे वाढवले होते. त्याचा मोठा डाव म्हणजे खालून पुढे पाव चक्कर, आणि लगेच पुढून खालून मागे अर्धी चक्कर, मग ठोसा. तो लागला की इओरी समोरच्याला धरून ओरबाडत सुटायचा. पुढे परीक्षा आल्या, नोकरी आली, ७.५२ ची लोकल आली, आणि एका पावसाळ्यात गाळ्यात मोबाइलचं दुकान उघडलं. मला त्याचं तेव्हा वाईट वाटलं नाही. तेव्हा मला वेळच नव्हता. बऱ्याच वर्षांनी, ऑफिसात, कुणीतरी एक धूसर चित्रफीत दाखवली: २००४, कॅलिफोर्नियातली ‘इव्हो’ स्पर्धा, जपानच्या दाइगो उमेहाराचा केन मरणाच्या दारात, जस्टिन वाँगची चुन-ली तिच्या मोठ्या डावाच्या पंधरा लाथा झाडते आहे आणि दाइगो त्या एकेक लाथेला, अचूक क्षणी, हँडल पुढे टेकवून परतवतो आहे. मी ती खुर्चीत बसून पाहिली आणि माझं डावं मनगट टेबलाखाली हलत होतं.

२०२३ च्या जूनमध्ये ‘स्ट्रीट फायटर सिक्स’ आला. माझी मुलगी तेव्हा दहावीत गेली होती. तिनं तो संगणकावर घेतला, मला शेजारी बसवलं आणि हातात पॅड दिलं. अंगठ्यानं पाव चक्कर मारताना माझ्या हाताला आपलं घर सापडेना. “बाबा, तू सारखा हवेत काय पकडतोयस?” ती म्हणाली. त्याच आठवड्यात मी हँडल घ्यायचं ठरवलं, आणि ते ठरवणं पाच महिने चाललं. मला ते पाच महिने फार सुखाचे गेले.

तोवर मला वाटत होतं हँडल म्हणजे हँडल. ते तसं नसतं. प्रत्येक मुलखानं आपल्या मनगटाला मानवेल असं ते घडवलं आहे. मुंबईत एक तरुण घरीच लाकडी पेटीत अशी हँडलं बसवून देतो असं कळलं, म्हणून एका रविवारी मुलीला घेऊन त्याच्याकडे गेलो. दोन खोल्यांचं घर, खिडकीत तुळस, टेबलावर सोल्डरिंगचा धूर, आणि सतरंजीवर तीन पेट्या मांडलेल्या. त्यानं पडदा वगैरे काही जोडला नाही. “काका, डोळे मिटून नुसतं फिरवून बघा,” म्हणाला. हे त्याला कुणी शिकवलं कोण जाणे, पण मला मेस्त्रींची आठवण झाली.

पहिलं जपानी, सान्वाचं. वर पस्तीस मिलिमीटरचा गोळा, बोटांना गार आणि गुळगुळीत, खाली चौकोनी पट्टी. इतकं हलकं की श्वास टाकला तरी हलेल असं वाटलं. त्याची तीस मिलिमीटरची बटणं नुसतं बोट टेकलं तरी दबत. जपानी खेळाडू म्हणे ते वरून मुठीत आवळतच नाहीत, दांडी बोटांच्या फटीत घेऊन तळवा वर करतात, देठासकट फूल खालून पेलावं तसं. दुसरं कोरियन. ह्याला स्प्रिंगच नाही, दांडीभोवती रबराचं जाड कडं. ढकललं की रबर ताणतं आणि सोडलं की हँडल क्षणात मध्यावर परत. ‘टेक्केन’मध्ये पावलापावलाला हँडल मध्यावर यावं लागतं, म्हणून कोरियन खेळाडूंना हे मानवलं आणि त्यांनी त्याच्यावर मागे मागे सरकण्याची ती लवलवती चाल बसवली. ह्याची पट्टी गोल. कोपरा नाही, तिरकं कुठे आहे ते मनगटानंच ओळखायचं. तिसरं अमेरिकन, गोळ्याऐवजी उलट्या बॅटच्या मुठीसारखं टोक, बटणं मध्ये खोलगट आणि खोलवर दबणारी, सगळं जड, सगळं दणकट.

मी डोळे मिटून तिन्हींवर इओरीचा डाव मारला. तिसरं हाताला सगळ्यांत ओळखीचं वाटलं. त्या जडपणात तो गाळा होता, तो विरोध होता. पंधरा मिनिटं मी त्याच्यावरच बसून होतो. मग मनगट दुखू लागलं. मी चाळिशी ओलांडलेला माणूस आहे, दिवसभर माऊस धरतो, आणि गाळ्यातलं हँडल मी उभ्यानं, खांद्याच्या जोरावर फिरवत असे, मांडीवर पेटी घेऊन नव्हे. आणखी एक गोष्ट तिथे सतरंजीवर बसल्याबसल्या कळली. मला हवं होतं ते झिजलेलं हँडल. त्याचे कोपरे हजारो तळहातांनी घासून गोल केले होते, आणि त्यातला एक तळहात माझा होता. ते कुठलाही कारखाना विकत नाही.

मी जपानी घेतलं. तो तरुण म्हणाला, हे हलकं वाटतंय ना, आत जाड स्प्रिंग घालून देतो. त्यानं पेटी उलटी केली, चार स्क्रू काढले, आणि मुलीनं न सांगता मोबाइलची बॅटरी लावून धरली. चौकोनी पट्टी काढून अष्टकोनी बसवू का, असंही त्यानं विचारलं. मी नको म्हटलं. नवे, टोकदार, न झिजलेले कोपरे मला हवे होते. तिरकं कुठे आहे ते दांडी कोपऱ्यात बसून सांगते, आणि ते इतकं स्पष्ट मला गाळ्यात कधी ऐकू आलं नव्हतं.

मुलीला हँडल नकोच होतं. तिनं नुसत्या बटणांची पेटी पसंत केली. डावीकडे, खाली, उजवीकडे अशी तीन बटणं डाव्या हाताच्या बोटांखाली ओळीनं, आणि उडी मारायचं एक मोठं बटण अंगठ्याखाली. पाव चक्कर ती हार्मोनियमच्या पट्ट्या दाबाव्यात तशी वाजवते. माझं हँडल एका टोकाकडून दुसऱ्याकडे प्रवास करत असतं तेव्हा तिचं बोट तिथे आधीच हजर असतं. दाइगोसुद्धा पुढे अशाच पेटीवर खेळू लागला. दहापैकी आठ वेळा ती मला हरवते. तिचा हात पाहत राहावंसं वाटतं, इतका तो नीटनेटका चालतो.

ह्या दिवाळीत पहाटे आम्ही दोघं फडके रोडवर जाऊन आलो. घरी येऊन फराळाच्या आधीच पेट्या मांडीवर घेतल्या. माझ्या तळहाताचं उटणं आणि तेल गोळ्याला लागलं, गोळा किंचित उबदार झाला. जाड स्प्रिंग अजून नवी आहे, घट्ट आहे. मुलीनं आवाज बंद ठेवला होता, कारण माझी आई आतल्या खोलीत आंघोळ करून जरा आडवी झाली होती. खेळ मुका, फक्त माझ्या हँडलाचे स्विच वाजत होते.

थोड्या वेळानं आतून आईचा झोपाळू आवाज आला, “कोण आलंय रे? सुपारी कोण कातरतंय?”