पाणी मानवणे

बदलीच्या नोकरीत जन्म घालविणाऱ्या मराठी माणसास एक प्रश्न गावोगावी पिच्छा पुरवितो : 'तिकडचे पाणी मानवले ना?' प्रकृती सुधारली तर पाणी मानवले, बिघडली तर पाणी लागले. जे काही करावयाचे ते पाण्यानेच. पिणाऱ्याचा त्यात काही भाग असेल, असे कोणी धरीत नाही. आम्ही बंगळूरास येऊन अकरा वर्षे झाली. तिसऱ्या वर्षी आम्हांस रक्त पडून जुलाब होऊ लागले, तेव्हा साताऱ्याच्या आप्तमंडळींनी एकमुखाने निकाल दिला की, कावेरीचे पाणी लागले. बिचारी कावेरी! १९७४ सालापासून ती सुमारे शंभर किलोमीटरांवरून, पंपांच्या बळावर चढ चढून, या पठारावरच्या शहराची तहान भागवीत आहे. तिच्यावर हा आळ घ्यावा, हे आम्हांस तेव्हाही रुचले नव्हते.

पुढे दुर्बीण आत घालून मोठ्या आतड्याची तपासणी झाली, अस्तराचा कणभर तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली गेला, आणि कावेरी निर्दोष सुटली. आतड्यात बाहेरचा शत्रू कोणी सापडला नाही. सापडल्या त्या आमच्याच रक्तातील पांढऱ्या पेशी, थव्याथव्याने जमलेल्या. रोगाचे नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. लंडनच्या सॅम्युअल विल्क्स यांनी १८५९ साली हे नाव प्रथम वापरले. याचाच भाऊबंद म्हणावा असा क्रोनचा रोग १९३२ साली न्यूयॉर्कमध्ये वर्णिला गेला. हे साहेबांचे आजार, अशी आपल्याकडे पुष्कळ दिवस समजूत होती. पण पंजाबात घरोघर फिरून केलेली एक पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली, तीत लाखामागे सुमारे ४४ माणसांना आमचाच आजार निघाला. तेव्हा आम्ही एकटे नव्हतो, एवढे समाधान!

दुखणे माणसास विद्यार्थी बनविते. वाचता वाचता आम्हांस जे उमगले ते असे. आतड्याचे अस्तर अवघे एका पेशीच्या जाडीचे. त्याच्या एका अंगास अब्जावधी जिवाणूंची वस्ती, दुसऱ्या अंगास आपले रक्त. या सरहद्दीवर शरीराने आपल्या रक्षक पेशींची सर्वांत मोठी छावणी ठेविली आहे. मात्र त्या छावणीचे रोजचे काम लढणे हे नव्हे, न लढणे हे आहे. पलीकडचे जिवाणू परके खरे, परंतु ते अन्नातील न पचलेला चोथा कुजवून त्यातून अस्तराला पोसणारी द्रव्ये तयार करतात. त्यांच्याशी रोज उठून युद्ध मांडले तर आपलाच संसार बुडावयाचा.

म्हणून तेथील महाभक्षक पेशी, अस्तरातून चुकून आत आलेला जिवाणू मुकाट्याने गिळून टाकतात. आरडाओरडा करीत नाहीत. कचेरीतला मुरलेला हेडक्लार्क जसा वादाचा कागद गाजावाजा न करता निकालात काढतो, तसेच हे. आमच्या रोगात बिघडते ते येथे. रक्तातून नव्या पेशी भराभर येऊन रुजू होतात, आणि त्यांना त्या जागेची शांत रीत अंगवळणी पडत नाही. त्या टीएनएफ नावाचे द्रव्य सोडून धोक्याची घंटा वाजवितात. ती ऐकून न्यूट्रोफिल पेशी धावतात, अस्तराच्या खळग्यांत गर्दी करतात आणि त्या धुमश्चक्रीत अस्तरच फाटते. फाटलेल्या जागेतून आणखी जिवाणू आत शिरतात, की घंटा दुप्पट जोराने वाजते. व्रण होतात ते असे.

आम्ही राहतो ती मल्लेश्वरमची वस्ती १८९८ च्या प्लेगनंतर भरभराटीस आली. त्या प्लेगवरची लस आदल्याच वर्षी मुंबईस हाफकिन यांनी प्रथम स्वतःस टोचून घेतली होती. हे हाफकिन मेचनिकॉफ यांचे शिष्य; आणि भक्षक पेशी रोगजंतूंना गिळून शरीराचे रक्षण करतात, हे १८८२ साली ओळखणारे ते हेच मेचनिकॉफ. त्या काळचा प्रश्न होता, निजलेल्या पहारेकऱ्यास जागे कसे करावे? आमच्या आतड्याचा प्रश्न नेमका उलटा : जागा झालेला पहारेकरी शांत कसा करावा?

याचे उत्तर शोधणारांनी एक मोठी गोष्ट दाखविली. १९९३ साली, स्वतःच्या टी-पेशी नसलेल्या उंदरांना दुसऱ्या उंदरांच्या टी-पेशींचा एक ठरावीक गट दिला, तेव्हा त्यांचे आतडे सुजले. त्याच पेशींतला दुसरा गटही सोबत दिला, तेव्हा ते सुजले नाही. म्हणजे आवर घालणाऱ्या पेशी निराळ्याच असतात. जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ साली त्यांची ओळख पटविली. त्यांना, आणि या पेशी घडविणारे जनुक हुडकणाऱ्या मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल यांना, २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. शास्त्रज्ञ या गुणास सहिष्णुता म्हणतात. सहन करणे म्हणजे दुबळेपणा, अशी आमची समजूत होती. पण सहन करण्यासाठी शरीरास खास पेशी घडवाव्या लागतात, त्या कामावर ठेवाव्या लागतात. ज्याचे रक्षण दुबळे, त्यास हा रोग होतो असे नव्हे. ज्याच्या रक्षकास थांबता येत नाही, त्यास होतो.

गोळ्यांनी भागेना, तेव्हा टीएनएफला निष्प्रभ करणाऱ्या इन्फ्लिक्सिमॅबचा विचार निघाला. क्रोनच्या रोगासाठी ते १९९८ पासून वापरात आहे, आमच्या रोगासाठी २००५ पासून. पण त्यात एक पेच होता. आमच्या लहानपणी वडील मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या आरोग्यधामात क्षयावर उपचार घेत होते, आणि आम्ही त्यांच्याच अंथरुणात वाढलेले. क्षयाचे जंतू छातीत वर्षानुवर्षे निजून राहतात; रक्षक पेशी त्यांच्याभोवती कडे करून बसतात, आणि ते कडे घट्ट राखण्याचे काम हेच टीएनएफ करते. ते काढून घेतले तर क्षय जागा होतो, हे २००१ साली दिसून आले होते. आमची चाचणी क्षयाच्या बाजूने निघाली. जे द्रव्य आतडे जाळीत होते, तेच छाती राखीत होते! कित्येक रात्री आम्हांस झोप लागली नाही. अखेर आधी क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या, त्या अंगी लागल्यावर इंजेक्शन. आणि छातीवर नजर आजतागायत आहे.

आता दर आठ आठवड्यांनी दोन तास खुर्चीत बसून शिरेतून औषध घेतो. हे औषध सर्वांनाच लागू पडते असे नाही, आम्हांस पडले. रोग गेला असे मात्र कोणी म्हणत नाही, शांत आहे असे म्हणतात.

वाचकहो, सरकारी माणसास या दुखण्याची लाज फार. मीटिंगमधून तीनदा उठून जावे लागते, दौऱ्यावर निघण्यापूर्वी वाटेतील शौचालये हेरून ठेवावी लागतात. मग माणूस अर्धपोटी राहतो, रजा घेतो, कारण दुसरेच लिहितो. आपणांपैकी कोणी असे दिवस काढीत असेल, रक्त पडणे आठवड्यांमागून आठवडे चालले असेल, तर त्याने पाण्यास दोष देत बसू नये आणि बदलीचा अर्जही करू नये. आपल्या गावच्या पाण्यानेही हे दुखणे बरे होत नाही. डॉक्टरांकडे जावे, आणि घरात कुणाला क्षय झाला असल्यास ते न लपविता सांगावे.