पडद्यामागचा आवाज

इंग्रजी सिनेमातले आपल्याला काय कळणार, असे म्हणत आम्ही सासूसुना आजवर त्या वाटेला गेलो नव्हतो. गेल्या पावसाळ्यात झड लागली, शेतातली कामे थांबली आणि मुलाने टीव्हीवर १९५२ सालचा ‘सिंगिन इन द रेन’ लावला. बोलणे तो अधूनमधून समजावून सांगे. हसण्यासाठी मात्र त्याची गरज पडली नाही.

गोष्ट १९२७ सालच्या हॉलिवूडची. तोवर सिनेमा मुका होता. तो बोलू लागला आणि नटनट्यांची तारांबळ उडाली. आपल्याकडे १९३१ साली ‘आलम आरा’ बोलला, १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’. या सिनेमातली लीना दिसायला देखणी, पण आवाज चिरका. माईक झुडपात लपवला तर तिचे बोलणे अर्धेमुर्धेच ऐकू येते. अंगावर लावला तर काळजाची धडधड ऐकू येते! सासूबाईंनी हसून हसून पदर डोळ्यांना लावला.

नायक जीन केली भर पावसात छत्री मिटून नाचू लागला, तेव्हा त्या म्हणाल्या, “पेरणी साधलेली दिसतेय ह्याची!” त्या नाचाच्या वेळी त्याच्या अंगात सणकून ताप होता, म्हणे. पडद्यावर तसे मुळीच जाणवत नाही.

पुढचा भाग मात्र मनात रुतला. कॅथी नावाची साधी मुलगी पडद्यामागे उभी राहून गाते आणि टाळ्या घेते लीना. कॅथीचे नाव कुठे येऊ द्यायचे नाही, असा तिचा हट्ट. शेवटी भर थिएटरात मागचा पडदा वर ओढतात आणि खरी गाणारी लोकांना दिसते. गंमत अशी, की कॅथी झालेल्या डेबी रेनॉल्ड्ससाठीही काही गाणे बेटी नॉइस या गायिकेने गायिले, आणि नामावलीत तिचे नाव नव्हते!

हे ऐकून सासूबाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “आपला सातबारा कुणाच्या नावावर गं?”

“मामंजींच्या.”

बी राखणे, खुरपणी, गुरांचे शेणपाणी, चाळीस वर्षे त्यांच्याच हातचे. नवऱ्याने अर्ज केला, तर बायकोचे नाव सातबाऱ्यावर लागू शकते. सरकारची लक्ष्मी मुक्ती योजना त्यासाठीच आहे. मी ते बोलून दाखवले.

मामंजी पलीकडे सुपारी कातरत बसले होते. अडकित्ता थांबवून ते नातवाला म्हणाले, “उद्या तलाठ्याकडे जा. कागद काय काय लागतात, विचारून ये.”