धूसर काचेचे वाचन

२०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत आमच्या सेलूसारख्या तालुक्याच्या गावी 'स्कोअर' या शब्दाने आपला अर्थ बदलला. तोवर तो क्रिकेटचा शब्द होता. त्या दोन महिन्यांत मोंढ्यात, औषधांच्या दुकानापुढील रांगेत, फोनवर, सर्वत्र 'स्कोअर किती आला?' हा एकच प्रश्न विचारला जाई आणि उत्तर पंचवीसपैकी दिले जाई. हा आकडा छातीच्या सीटी स्कॅनमधून येत असे. फुप्फुसांचे खंड पाच, उजवीकडे तीन व डावीकडे दोन. प्रत्येक खंड आजाराने किती व्यापला यावरून शून्य ते पाच गुण द्यायचे आणि बेरीज करायची. गुण देणे हा आम्हा शिक्षकांच्या नित्याच्या कामाचा भाग असल्यामुळे त्यांची मर्यादाही आम्हाला ठाऊक असते. फुप्फुसात काहीतरी किती पसरले आहे, एवढेच हा आकडा सांगतो. काय पसरले आहे, हे तो सांगत नाही. त्या दिवसांच्या भयात हा भेद कुठल्या कुठे वाहून गेला होता.

माझ्या थोरल्या बहिणीची, आक्काची, कथा या भेदाचीच आहे. एप्रिलमध्ये तिला कोरडा खोकला आणि किरकोळ ताप आला. वाड्याचा जिना चढताना धाप लागू लागली. नाकातील स्रावाची तपासणी दोनदा 'निगेटिव्ह' आली. तरी जिल्ह्याच्या ठिकाणी स्कॅन काढला. दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी धूसरता, स्कोअर अकरा आणि कोविडचा संशय 'चार' या श्रेणीचा. ही श्रेणी नेदरलँड्समधील क्ष-किरणतज्ज्ञांनी २०२०च्या आरंभी तयार केली. चित्र पाहून कोविडचा संशय किती बळावतो, हे ती एक ते पाच या पायऱ्यांत मांडते. तिला दहा दिवस कोविड कक्षात ठेवले, स्टिरॉइड दिले, बरे वाटले, घरी पाठवले. गोळ्या संपल्या आणि तीन आठवड्यांत धाप परत आली. त्यात कोणाला दोष देण्याची माझी इच्छा नाही. ज्या महिन्यात दारात येणारा प्रत्येक दुसरा रुग्ण कोविडचा असतो, त्या महिन्यात प्रत्येक धूसर छायेचे वाचन कोविड असेच होणार. जर्मन समीक्षक याउस ज्याला वाचकाच्या अपेक्षांचे क्षितिज म्हणतो, ते असे रुग्णालयातही असते.

येथे स्कॅन म्हणजे काय, हे थोडे सांगायला हवे. रोंटगेन यांनी १८९५मध्ये क्ष-किरण शोधले, पण साध्या एक्स-रेमध्ये हृदय, बरगड्या, फुप्फुसे सारे एकमेकांवर पडते. १९७१मध्ये इंग्लंडात हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्यांदा रुग्णाच्या शरीराचा छेद न घेता छेदचित्र दाखवले. या यंत्राला खरे तर चित्र दिसत नाही, आकडे दिसतात. पाणी शून्य, हवा उणे हजार, हाड अधिक शेकड्यांत. त्या आकड्यांना कोणत्या मर्यादेत करड्या छटा द्यायच्या, हे पाहणारा ठरवतो. फुप्फुसासाठी एक 'खिडकी' लावतात, स्नायूंसाठी दुसरी. एकाच संचातून दोन वेगळी चित्रे निघतात.

निरोगी फुप्फुस हवेने भरलेले, म्हणून काळे दिसते. हवेच्या सूक्ष्म पिशव्यांत द्रव किंवा पेशी शिरल्या, अथवा त्यांच्या भिंती जाड झाल्या, की त्या काळ्यावर घासलेल्या काचेसारखी पांढुरकी झाक येते. तिच्याआडून रक्तवाहिन्या दिसत राहतात. ही झाक विषाणूमुळे येते, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच फुप्फुसावर उलटली तरी येते, हृदय थकून पाणी साचले तरी येते. म्हणजे एकच खूण आणि अर्थ अनेक. श्लेष समजावून सांगताना आम्ही वर्गात जे म्हणतो, तेच येथे लागू. फरक इतकाच, की श्लेषात दोन्ही अर्थांचा एकाच वेळी आनंद घेता येतो. येथे एका अर्थाचा रुग्ण बहुधा काही आठवड्यांत सावरतो, आणि दुसऱ्या अर्थाच्या रुग्णाला प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. ती औषधे जंतुसंसर्ग असलेल्याला दिली तर संसर्ग फोफावतो. ज्याला हवीत त्याला न दिली तर फुप्फुस हळूहळू कातडासारखे निबर होत जाते.

जुलैत आक्काला घेऊन मी रेल्वेने परतूर, जालना करीत औरंगाबादला (आजच्या छत्रपती संभाजीनगरला) गेले. तेथील छातीच्या डॉक्टरांनी नवा स्कॅन काढून घेतला आणि जुना शेजारी लावला. मला ते पडद्यावर बोट ठेवून दाखवत होते. विषाणूजन्य न्यूमोनियाची, विशेषतः कोविडची, झाक बहुधा फुप्फुसाच्या कडेला, गोलसर ठिपक्यांनी, दोन्हीकडे विखुरलेली असते आणि ती थांबत नाही. पहिल्या दहा-बारा दिवसांत वाढते, घट्ट होते, मग ओसरू लागते. आक्काची झाक तीन महिन्यांनंतरही जागची हलली नव्हती. ती दोन्ही बाजूंना सारखी होती, तळाशी होती आणि फुप्फुसाच्या अगदी बाहेरच्या कडेची एक बारीक पट्टी तिने मोकळी सोडली होती. धूसरतेच्या आत जाळीसारख्या रेषा होत्या. श्वासनळीच्या लहान फांद्या आजूबाजूच्या आकसलेल्या ऊतीने ओढल्या जाऊन रुंदावल्या होत्या. असे ओढले जायला महिने, वर्षे लागतात. शिवाय फुप्फुसाच्या बाहेर, पाठीच्या कण्यापुढे, अन्ननलिका हवेने फुगलेली होती. एप्रिलच्या अहवालात या अन्ननलिकेचा उल्लेख नव्हता. जो फक्त कोविड शोधतो, तो अन्ननलिकेकडे कशाला पाहील?

मग त्यांनी विचारले, "पूर्वी कधी पोटाचा स्कॅन काढला होता का?" २०१९मध्ये मुतखड्यासाठी काढला होता. त्याची सीडी पिशवीत होती. पोटाच्या स्कॅनमध्ये वरच्या काही चकत्यांत फुप्फुसाचा तळ आपसूक येतो. मूत्रपिंड पाहणाऱ्याला त्याच्याशी कर्तव्य नसते. डॉक्टरांनी त्या चकत्यांना फुप्फुसाची खिडकी लावली. फिकट, पण त्याच जागी, तीच झाक. कोविड जगात येण्यापूर्वीची.

मराठीच्या विद्यार्थ्याला या क्षणी पाठचिकित्सा आठवल्यावाचून राहणार नाही. एकनाथांनी शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती प्रती ताडून पाहूनच. लीळाचरित्राची मूळ पोथी हरवली, स्मरणातून ती पुन्हा उभी राहिली आणि पाठभेदांचा प्रश्न महानुभावांच्या अभ्यासकांपुढे कायमचा येऊन बसला. जुनी प्रत हाताशी असली की आजच्या प्रतीतील शब्द नंतर घुसला की मुळातला, हे कळते. फुप्फुसांच्या बाबतीतही जुन्या प्रतीइतका मोठा पुरावा क्वचितच मिळतो. आपल्या घरांत मात्र ही पाकिटे गादीखाली किंवा कपाटामागे पडून असतात आणि स्थलांतरात पहिल्यांदा रद्दीत जातात.

पण केवळ प्रतींनी निकाल लागला नाही. डॉक्टरांनी पडदा बाजूला केला, आक्काचा हात हातात घेतला आणि विचारले, "ताई, थंडीत बोटांचा रंग बदलतो का हो?"

"पांढरी फटक पडतेत की बोटं. भांडी घासताना निळी पण होतेत," आक्का म्हणाली. "त्यात काय सांगायचं? साऱ्यांचंच होत असंल."

तिने आणखी एक गोष्ट सांगितली, जी मलाही ठाऊक नव्हती. चार-पाच वर्षांपासून बांगड्या भरताना कासारीण कुरकुर करायची, "बाई, हात निबर झालाय तुमचा." कासारणीच्या अनुभवी बोटांना जे कळले होते, ते यंत्रापर्यंत पोहोचायला इतकी वर्षे लागली. पुढे रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि स्क्लेरोडर्मा या स्वयंप्रतिकारक आजाराचे निदान पक्के झाले. त्या आजारात त्वचा आणि फुप्फुस दोन्ही कठीण होत जातात.

केंब्रिजच्या आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांना कवींची नावे काढून टाकलेल्या कविता वाचायला दिल्या आणि त्यांचे अभिप्राय १९२९च्या पुस्तकात मांडले, हे आपण शिकवतोच. नावागावाशिवाय वाचताना वाचक कसा भरकटतो, हे तेथे दिसते. त्यातून पुढे बळ मिळाले ते मात्र कृती स्वायत्त आहे, तिच्याबाहेर पाहू नका, या आग्रहाला. मीही हा आग्रह वर्षानुवर्षे आस्थेने शिकवत आले आहे. जुलैतील त्या दुपारी मला त्याची थोरवी आणि मर्यादा दोन्ही दिसल्या. थोरवी अशी, की बारकाईने, खुणेखुणेला थांबून वाचल्याखेरीज ती बाहेरची मोकळी पट्टी आणि फुगलेली अन्ननलिका दिसलीच नसती. मर्यादा अशी, की एवढे सारे दिसूनही अर्थ पक्का झाला तो आक्का बोलल्यावर. स्कॅनच्या अहवालाच्या शेवटी बहुधा एक ओळ छापलेली असते: रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावे. ती आपण हात झटकण्याची ओळ समजतो. वस्तुतः तो चित्राने स्वतःबद्दल दिलेला सर्वांत प्रामाणिक कबुलीजबाब आहे.

ही कबुली शास्त्रानेही दिली आहे. भारतातील १९ शहरांतील २७ केंद्रांत अशा जुनाट फुप्फुसविकारांच्या १०८४ रुग्णांची नोंद करून २०१७मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात निदान एका तज्ज्ञाच्या नजरेवर न सोडता एकत्र चर्चेने ठरवले गेले. स्वयंप्रतिकारक संधी-त्वचाविकारांशी जोडलेले रुग्ण त्यात सुमारे १४ टक्के निघाले. जवळजवळ निम्म्यांचा आजार श्वासावाटे जाणाऱ्या कशाचीतरी अतिसंवेदनशीलता हा होता, आणि त्यांच्याभोवतीच्या संशयितांत एअर कूलर ठळक होता. मराठवाड्याचा उन्हाळा कूलरच्या ओल्या गवतामागे काढणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावे. म्हणजे घरात काय आहे, हेही चित्राबरोबर वाचावे लागते.

एवढे करूनही सारे उलगडते असे नाही. स्नायू व त्वचेच्या दाहाचा एक दुर्मिळ प्रकार स्कॅनवर कोविडशी इतका मिळताजुळता असतो, की जाणकारही अडखळतात. आणि एप्रिलमध्ये आक्काला कोविड झालाच नव्हता, असेही आज कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. निगेटिव्ह तपासणी चुकू शकते. जुन्या आजारावर नवा संसर्ग चढू शकतो. पुसलेल्या पाटीवर दुसरे अक्षर उमटावे तसे दोन्ही पाठ एकमेकांवर लिहिलेले असू शकतात. स्टिरॉइडने तेव्हा बरे वाटले, यावरूनही काही ठरत नाही, कारण ते दोहोंतही काही काळ उतार देते.

असो. आक्का औषधे घेते आहे. निबर झालेला भाग परत मऊ होणार नाही, हे तिला सांगितलेले आहे. उरलेला राखायचा आहे. दर सहा महिन्यांनी ती श्वासाची तपासणी करायला जाते, तेव्हा सारी पाकिटे सालवार लावून नेते आणि डॉक्टरांनी विचारण्याआधीच हात पुढे करते. मी मात्र पहिल्या वर्षाच्या वर्गात कविता शिकवताना हल्ली जरा वेळाने थांबते. ओळ पुरती वाचून झाली, की मुलांना विचारते, ही कोणी, कुठे, कशात असताना लिहिली असेल? स्वायत्ततेच्या सिद्धांताला ते मानवणार नाही. त्यावर आपल्यापैकी कोणी वाद घालू इच्छित असेल, तर मला तो ऐकायला आवडेल.