आबांची लंडनवाली

आमच्या घरी आबांची एक दुनळी बंदूक आहे. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा होते आणि निकाल लागला की घरी येते. एरवी कपाटाबाहेर पडत नाही. तरीही तिने तीन जिल्हे पाहिलेत. आबांचा परवाना पश्चिम खानदेशचा, वडिलांचा धुळ्याचा आणि १ जुलै १९९८ नंतर माझा नंदुरबारचा!

तिन्हींवर बनावटीच्या रकान्यात एकच शब्द : 'लंडन'. आबा सांगत, एका गोऱ्या साहेबाने खूश होऊन ती दिली आणि तिनेच त्यांनी तोरणमाळच्या जंगलात एका गोळीत वाघ पाडला. हा वाघ आमच्या घरात दर दिवाळीला वीतभर वाढत असे.

मागच्या निवडणुकीत हवालदाराने सहज विचारले, "काका, लंडन हे गाव झालं. कंपनी कोणती?"

झाले! नातवाचे भिंग घेऊन मी बंदुकीच्या मागे लागलो. (सौभाग्यवती म्हणाल्या, "मला पाहायला आलात तेव्हा इतकं निरखून पाहिलं नव्हतं.") दोन नळ्यांमधल्या पट्टीवर नाव निघाले : आर. बी. रोडा, कलकत्ता. म्हणजे १९१४ साली ज्यांची ५० माउझर पिस्तुले बंगाली क्रांतिकारकांनी बैलगाडीतून पळवली, तेच रोडा! माझी छाती फुगली. पण वाचता वाचता कळले, हे व्यापारी. बंदूक विलायतेतल्या कुणा कारागिराने घडवायची आणि नाव दुकानदाराचे घालायचे, अशी तेव्हा सर्रास रीत होती. पेढ्यांच्या खोक्यावर तरी भट्टीपुढच्या आचाऱ्याचे नाव कुठे असते?

खरी जन्मपत्रिका नळ्या उतरवल्यावर त्यांच्या पोटाला सापडली. मुकुट आणि त्याखाली फुलीसारखे दोन राजदंड. हा ठसा बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाचा. १८१३ साली निघालेल्या या संस्थेत नळीत जादा दारू ठासून बार काढायचे. फुटली नाही तर ठसा मारायचे. लंडन गेले! शेजारीच इंग्रजीत कोरलेले : 'नॉट फॉर बॉल'. हा इशारा १८७५ ते १८८७ एवढीच वर्षे कोरीत. नळीचे तोंड आवळलेले आहे, छर्रे उडवा. सबंध गोळी घालाल तर नळी फाटायची भीती, असा त्याचा अर्थ.

म्हणजे ही तित्तरं मारायची बंदूक. मग एका गोळीतला वाघ?

आबांचे इंग्रजी सहीपुरते होते, हा एक आधार. दुसरा आधार आत्या. वय ८६. गाडीतून आणलेल्या त्या वाघाच्या मिशांना तिने लहानपणी हात लावला होता, असे ती अजून सांगते आणि सांगताना बोटे चोळते. तिला हे कोणत्या तोंडाने सांगायचे?

"काय रे लिहिलंय त्यावर?" तिनेच विचारले.

"बॉलसाठी नाही, असं लिहिलंय."

"मग बरोबरच आहे," आत्या म्हणाली. "आबा तिच्यात चेंडू कशाला घालतील? गोळीच घातली होती त्यांनी."

मी मुकाट्याने नळ्या जागेवर बसवल्या.