हाताला ठावं असलेले खटके

मामांच्या डिझेल जीपची समोरची पाटी म्हणजे सरळ पत्रा होता आणि त्या पत्र्यावर खटकेच खटके. थंडीत इंजिन तापवायचा हीटरचा, दोन टप्प्यांत बाहेर येणारा दिव्यांचा, वायपरचा आणि कोपऱ्यात इंजिन बंद करायचा. ती जुनी गाडी किल्ली फिरवून थांबत नसे. खटका ओढून डिझेल तोडावं लागे, मग दोन गचके देऊन इंजिन शांत होई. गिअरच्या दांड्याशेजारी चारही चाकं ओढायला लावणारा आखूड दांडा, आणि डिपर पायाखाली, क्लचच्या डाव्या अंगाला. वायपरच्या खटक्याची मूळ गुंडी कधीतरी पडली होती. तिथं मामांनी सुताराकडून सागवानी गुंडी बसवून घेतली होती. लोखंडात तेवढीच लाकडाची, म्हणून ती पटकन हाताला लागायची.

दिवाळीला मामा मुराळी होऊन बीदरला यायचे. आईचं आवरेपर्यंत दिवस मावळायचा. मग भालकीच्या रस्त्यानं त्यांच्या गावी निघायचं. लाल मातीचं पठार मागं पडून काळी जमीन सुरू झाली की रस्त्यात उसाच्या गाड्या भेटायच्या. खाली कंदील टांगलेला असला तर असला, नाहीतर अंधारात अंधारासारखीच गाडी. समोरून ट्रक आला की मामांचा डावा पाय टक्‌ करून दिवे खाली घ्यायचा, ट्रकवालाही घ्यायचा. दोन परक्या माणसांनी एकमेकांना केलेला तो रामराम मला फार आवडायचा. मामांचं आईशी बोलणं चालू असायचं, कोणाचं लग्न ठरलं, कोणाची म्हैस व्याली. हात मात्र आपापल्या कामाला जात होते. एकदा मी विचारलं, अंधारात तुम्हाला खटके दिसतात कसे?

"आरं बाबा, रस्ता बघावं का खटका बघावं? हाताला ठावं हाय समदं."

आजीचंही तसंच. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण फळीवरच्या रेडिओला दुसऱ्या कोणी हात लावलेला तिला खपत नसे. काट्याखालचे आकडे तिला दिसत नव्हते आणि दिसले असते तरी वाचता आले नसते. डावीकडची गुंडी फिरवली की खट् होऊन रेडिओ चालू, उजवीकडची स्टेशनाची. गुलबर्ग्याचं आकाशवाणी केंद्र 1966 साली सुरू झालं, तेव्हापासून ते तिच्या घरचंच झालं होतं. तिथून गुंडी किती वळवली की कोणतं स्टेशन, हे तिच्या बोटांना माहीत होतं. रात्री मध्यम लहरी लांबवर पोचतात, तेव्हा पुणं-मुंबईही यायची. खरखर, खरखर, आणि अचानक स्वच्छ मराठी. कन्नड, उर्दू आणि मराठी एकाच अंगणात नांदणाऱ्या आमच्या भागात त्या एका गुंडीवर सगळे शेजारी बसलेले होते.

तसाच विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर आठवतो. लाइट रात्री यायची, तेव्हा बॅटरी तोंडात धरून मामा ओल्या हातानं हिरवं बटण दाबायचे. हिरवं आत बसलेलं असतं, लाल बाहेर आलेलं. चुकून धक्का लागून मोटार चालू होऊ नये आणि बंद करायची वेळ आली तर नुसता तळवा आपटला तरी पुरावं, म्हणून. ज्यानं कोणी हा विचार केला, त्यानं भिजलेल्या, घाबरलेल्या माणसाचा विचार केला होता.

बीदरच्या पोरांना याच शहाणपणाचा एक मोठा धडा आकाशात दिसत होता, आम्हाला तेव्हा कळला नाही एवढंच. हवाई दलाच्या तळावरून किरण विमानं उडायची. 1996 साली इथंच सूर्यकिरण पथक उभं राहिलं आणि नऊ विमानं एकमेकांना चिकटून जाताना आम्ही गच्चीवर माना मोडेपर्यंत बघायचो. शेजारच्या विमानावरून नजर हलवायची नाही, म्हणजे सगळं काम हातांनीच ओळखायचं. डोळ्यांवर पट्टी बांधून कॉकपिटमधला एकेक खटका शोधायला लावणं ही वैमानिकांच्या शिक्षणातली जुनी रीत आहे, हे पुढं वाचनात आलं आणि मला आधी मामाच आठवले.

त्याच वाचनात अल्फॉन्स चॅपानिस भेटले. दुसऱ्या महायुद्धात बी-17 बॉम्बफेकी विमानं सुखरूप उतरायची आणि मग धावपट्टीवर त्यांची चाकं आत ओढली जायची. वैमानिकांना दोष दिला जात होता. या मानसशास्त्रज्ञांनी पाहिलं, की चाकांचा आणि पंखांवरच्या फ्लॅपचा असे दोन्ही खटके सारख्याच घडणीचे, शेजारी शेजारी आहेत. त्यांनी चाकांच्या खटक्याला चाकासारखी मूठ लावली, फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखी. गोंधळ थांबला. आजही विमानात चाकांच्या दांड्याला चाकाचाच आकार असतो. मामांची सागवानी गुंडी याच घराण्यातली. बीदरला 2008 साली हॉक विमानं आली, त्यांत पडदे आहेत. पण पडद्यांच्या चौकटीला दाबायची बटणं आहेत, आणि घाईची कामं दोन्ही हातांतल्या दांड्यांवरच ठेवलेली आहेत.

मोटारी बनवणाऱ्यांनी हे कसं विसरावं? परवा भाच्याच्या नव्या गाडीत बसलो. हुमनाबादकडे जाताना काच धूसर झाली. वारा काचेवर वळवायला त्यानं पडद्यावर एक चित्र दाबलं, त्यातून दुसरं पान उघडलं, रस्त्यातल्या खड्ड्यानं बोट भलतीकडेच गेलं. तेवढा वेळ पोराची नजर रस्त्यावर नव्हती आणि माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पडद्याचं सुख मी नाकारत नाही. नकाशा दिसतो, मागचं दिसतं, अनोळखी गावात चुकायला होत नाही. शिवाय कारखान्याला डझनभर खटके, त्यांचे साचे, त्यांच्या तारा यांपेक्षा एक काच स्वस्त पडते. पण गुळगुळीत काचेवर बोटाला काहीच लागत नाही आणि बटणाचं चित्र आज जिथं आहे तिथं उद्या असेलच असं नाही.

2022 साली एका स्वीडिश मासिकानं मोजून पाहिलं. ताशी 110 किलोमीटर वेगात चार साधी कामं करायची होती. 2005 सालच्या खटकेवाल्या व्होल्वोत ती 10 सेकंदांत झाली, तोवर गाडी 306 मीटर गेली. सर्वांत मागं पडलेल्या नव्या पडदेवाल्या गाडीला 44.9 सेकंद लागले, म्हणजे 1,372 मीटर. समुद्रावरची गोष्ट तर काळीज हलवणारी आहे. 21 ऑगस्ट 2017 ला सिंगापूरजवळ 'जॉन एस. मॅकेन' या अमेरिकी युद्धनौकेची तेलवाहू जहाजाशी टक्कर झाली आणि 10 खलाशी गेले. सुकाणू आणि वेग यांचा ताबा स्पर्शपडद्यावर एका जागेवरून दुसऱ्या जागेकडे देताना गोंधळ झाला होता. पुढं अमेरिकी नौदलानं त्या जातीच्या नौकांवर वेगाचे खरेखुरे दांडे परत बसवायचं ठरवलं.

आता युरोपात मोटारींची सुरक्षितता तपासणारी युरो एनकॅप संस्था 2026 पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न, धोक्याचे दिवे यांना स्वतंत्र खटके नसले तर पूर्ण गुण देत नाही. हे वाचून मला सणासारखा आनंद झाला.

पाडव्याला पुतण्या गाडी घ्यायला निघाला, तेव्हा मी मुद्दाम बरोबर गेलो. म्हटलं, बस आणि डोळे मीट. हॉर्न सापडला, इंडिकेटर सापडला, वायपर सापडला. पंखा सापडेना. मग दुकानातल्या पोरानं त्याच गाडीची कमी किमतीची जात दाखवली. तिच्यात वाऱ्याच्या तीन गोल गुंड्या होत्या, कडांना दाते असलेल्या. डोळे मिटूनच पुतण्यानं मधली फिरवली आणि म्हणाला, "काका, हीच."