बारावीनंतरची तीन वर्षं

वायुसेनेच्या म्हैसूरमधल्या सिलेक्शन बोर्डात पायलटची एक चाचणी असायची. ती आयुष्यात एकदाच देता यायची. नापास झालात की पायलट होण्याचा विषय संपला. पडद्यावर पळणारा ठिपका हातातल्या स्टिकने आणि पायाखालच्या पेडलने चौकटीत धरून ठेवायचा. ती पार पडली आणि मग वैद्यकीय तपासणीत माझी मापं घेतली गेली. उंची किमान १६२.५ सेंटिमीटर, पायाची लांबी किमान ९९. पेडलपर्यंत पाय पोचायलाच हवा, त्यामुळे मुलींना यात सवलत नव्हती. ती नसावी असंच मला आजही वाटतं.

वायुसेनेच्या महिला वैमानिकांची पहिली तुकडी १९९४ च्या डिसेंबरात दाखल झाली. १९९९ मध्ये कारगिलच्या युद्धात गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन यांनी चीता हेलिकॉप्टर उडवलं. मी हैदराबादजवळ दुंडिगलच्या अकादमीत गेले ती त्यानंतर. बाईला हे जमेल का, याचं उत्तर तोवर मिळालेलं होतं. माझी अडचण वेगळीच निघाली.

बरोबरची बरीच मुलं एनडीएतून, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून आलेली होती. बारावी झाल्यावर तीन वर्षं त्यांनी एकत्र काढली होती. पहाटेची पीटी, रगडा, सिनियरांचा दरारा, सगळं त्यांच्या अंगवळणी पडलेलं. मी पुण्याची, खडकवासला घरापासून जवळ. पण तिथे मुलींना प्रवेशच नव्हता, म्हणून पदवी घेऊन थेट इथे आले होते. उड्डाणाचं निम्मं शिक्षण रात्री खोल्यांमधल्या गप्पांत होतं. आज लँडिंगला कोणाचं काय चुकलं, कोणता इन्स्ट्रक्टर कशावर अडतो, हे तिथेच कळतं. मुलांच्या ब्लॉकमध्ये आम्हाला जाता येत नसे. मग आम्ही मुली आमच्याच खोलीत चेअर फ्लाइंग करायचो. खुर्चीत डोळे मिटून बसायचं आणि स्टार्टपासून लँडिंगपर्यंतचं प्रत्येक चेक मोठ्याने म्हणायचं. दुसरीने चुका पकडायच्या.

पुढे हकिमपेटला चेतक हेलिकॉप्टर हाती आलं. जमिनीपासून थोड्या उंचीवर एका जागी स्थिर राहायचं, म्हणजे हॉवर, हे सगळ्यात अवघड. डाव्या हातातलं कलेक्टिव्ह उचललं की नाक डावीकडे वळू लागतं; ते उजव्या पेडलने सावरावं तर उजव्या हातातलं सायक्लिक हलवावं लागतं. सुरुवातीला माझं हेलिकॉप्टर मैदानभर भरकटायचं आणि इन्स्ट्रक्टर शांतपणे म्हणायचे, "आय हॅव कंट्रोल्स." एका सकाळी ते काहीच बोलले नाहीत. हेलिकॉप्टर जागेवर उभं होतं. इतका निखळ आनंद मला फार कमी वेळा झाला आहे.

नंतर डोंगरातल्या एका चौकीवरून आजारी जवानाला आणायचं काम आलं. उंचीवर हवा विरळ. रोटरची उचल आणि इंजिनाची ताकद दोन्ही घटतात. त्यामुळे किलोकिलोचा हिशेब असतो. स्ट्रेचर आत घेतल्यावर हवालदाराने विचारलं, "मॅडम, इसका बक्सा भी जाएगा?" मी नाही म्हटलं. त्याने ट्रंक बाजूला ठेवली, सॅल्यूट केला आणि आम्ही निघालो.

आम्हा महिला वैमानिकांना तेव्हा फक्त ठरावीक मुदतीचं शॉर्ट सर्व्हिस कमिशन मिळत असे. मुदत संपली, मी गणवेश उतरवला; एनडीएतून आलेले माझे कोर्समेट पुढे युनिट सांभाळू लागले. याचं दुःख मला झालं आणि ते मी लपवत नाही.

अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग १८ जून २०१६ रोजी लढाऊ विमानांच्या शाखेत दाखल झाल्या. पण त्याहून मोठा बदल मला २०२२ चा वाटतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे त्या वर्षी एनडीएत पहिल्या १९ मुली आल्या, आणि ३० मे २०२५ रोजी त्यांतल्या १७ उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. एनडीएतून दुंडिगलला जाणाऱ्या मुलीपाशी आता ती तीन वर्षं असतील आणि त्या वर्षांतले मित्रही.

शाळांमध्ये मला विचारतात, पायलट व्हायला किती धाडस लागतं? मी मुलींना सांगते, अकरावीला गणित आणि भौतिकशास्त्र घ्या, रोज धावा, बारावीत एनडीएचा अर्ज भरा. आणि पालकांना सांगते, मुलाच्या अर्जाबरोबर मुलीचाही आणा.