हळवे पोट



आजचा विषय जरा संकोचाचा आहे, तरी लिहितोच. परवा भाच्याने फोनवर दबक्या आवाजात विचारले, "मामा, तुमच्या पोटाला नेमके काय झाले होते?" ओळखले, त्यालाही तेच असावे.

1986 ची गोष्ट. आर्णीहून यवतमाळला पेपर तपासायला जायचे म्हटले की एस.टी.त बसण्याआधी मी तीनदा संडासला जाई. पोटात कळ, जाऊन आले की बरे, मग दोन दिवस कोठा जड. घरचे म्हणत 'गॅस'. मला मनातून कॅन्सरची भीती. वर्षभर चूर्णे खाल्ली, पण डॉक्टरांकडे गेलो नाही.

गेलो तेव्हा त्यांनी आधी प्रश्नच विचारले. रक्त पडते? वजन घटले? रात्री झोपेतून उठावे लागते? घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर? सगळ्याला 'नाही'. रक्त तपासले, तेही ठीक. म्हणाले, "सर, आतडे निरोगी आहे, फक्त हळवे आहे." आय.बी.एस. हे नाव तेव्हा प्रथम ऐकले. निम्मे दुखणे त्या नावानेच गेले. उरलेले वेळेवर जेवण, कमी चहा, इसबगोल आणि संध्याकाळचे चालणे यांनी आटोक्यात ठेवले.

आता निदानाचे नियम ठरलेले आहेत. 2016 च्या रोम निकषांप्रमाणे 3 महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोट दुखते का आणि ते शौचाशी निगडित आहे का, हे पाहतात. त्रास निदान 6 महिन्यांपूर्वी सुरू झालेला हवा. साध्या उपायांनी भागले नाही तर अमिट्रिप्टिलीन अगदी कमी मात्रेत देतात. इंग्लंडमधल्या 55 दवाखान्यांतील 463 रुग्णांवर ते तपासले, 2023 मध्ये निष्कर्ष आले आणि गुण दिसला. अर्थात डॉक्टरांना विचारूनच.

पण खरे सांगायचे ते पुढेच. सहासष्टाव्या वर्षी मला थोडे रक्त दिसले. मी म्हटले, 'आपले जुनेच!' चार महिने गप्प बसलो. शेवटी सौ.ने हात धरून नेले. डॉक्टरांनी तेच जुने प्रश्न विचारले. या वेळी एकाचे उत्तर 'हो' होते. दुर्बिणीतून तपासले, आतड्यात एक गाठ निघाली. साधी होती, काढली. आणखी काही वर्षे तशीच राहिली असती तर?

भाच्याला एवढेच सांगितले. नाव कळले की भीती सोड, पण नवे काही दिसले तर त्या जुन्या नावाखाली झाकू नकोस.

असो. तुमच्यापैकी कुणाचे पोट असे हळवे आहे? लाजू नका, कळवा.